नववा ठिपका

व्हीजीए कार्डाच्या टेक्स्ट मोडमध्ये अक्षर काढायला आठ ठिपक्यांची रुंदी मिळते, पण पडद्यावर त्याची जागा असते नऊ ठिपक्यांची. ओळीत ऐंशी अक्षरं, प्रत्येकी नऊ ठिपके, एकूण 720. नववा ठिपका कार्ड स्वतःच कोरा सोडतं, म्हणजे रोमन अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. इंग्रजीपुरती ही सोय उत्तम होती. आपल्या लिपीच्या मात्र ती मुळावर आली. एरवी अखंड जाणारी शिरोरेघ दर अक्षराला तुटायची आणि ‘सोसायटी’ हा शब्द दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसायचा.

या नवव्या ठिपक्याशी माझा काका 1993 च्या पावसाळ्यात सात बंगल्याच्या दोन खोल्यांच्या घरात बसून भांडत होता. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्याच व्यवसायात आहे. हाताखालच्या मुलांना मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातलं काम शिकवते, आणि कुणी ‘आता असेम्ब्ली कोण लिहितं?’ असं विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे तो तुटका ‘सोसायटी’ येतो.

काका अंधेरीतल्या एका लहानशा कंपनीत हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहायचा. त्यातच वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचं काम आलं. डिझेल, बर्फ, कर्जाचे हप्ते, होडीगणिक खातं. पीसी एकच, त्यावर फॉक्सबेस, आणि नावं सगळी रोमनमध्ये. ‘एकवीरा प्रसाद’ची तीन स्पेलिंगं झाली होती आणि तीन खाती. एका म्हाताऱ्या नाखव्याने टेबलावर हात आपटून सांगितलं, होरीचं नाव धड लिहिता येत नसेल तर मशीन परत न्या. काकाला ते पटलं. त्याला असं काही पटलं की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा.

बाजारात उपाय नव्हता असं नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तेव्हा मिळत होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम मोहन तांबे यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेलं होतं. कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की डॉसवरचे चालू प्रोग्रॅम भारतीय लिप्यांत बोलू लागत. कळफलक आणि लिपीचं सांकेतिकीकरण दोन्हींचा त्यात विचार होता. 1991 मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं ते याच धाग्यातून. पण सोसायटीच्या कमिटीला एका कार्डावर तेवढा खर्च करायचा नव्हता. बर्फाच्या बिलावरून जिथे भांडणं होत, तिथे अक्षरांसाठी पैसे कोण मंजूर करणार?

मग काकाने टीएसआर लिहायला घेतला. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचा. पण एखादा प्रोग्रॅम सुरू होऊन, आपला थोडा भाग मेमरीत मागे ठेवून, डॉसच्या हातात परत सूत्रं देऊ शकत असे. मागे राहिलेला भाग इंटरप्टच्या तक्त्यात आपला पत्ता घुसवून बसे. कोणी पडद्याचा मोड बदलायला दहा नंबरचा इंटरप्ट मागितला की आधी तो काकाकडे जाणार, काका तो मूळ मालकाकडे पाठवणार आणि मोड बदलून झाला की आपली अक्षरं पुन्हा कार्डात भरणार. डॉस ही तशी बेताची ऑपरेटिंग सिस्टिम, पण काका तिच्या आत घर करून राहिला होता.

अक्षरं त्याने आलेखाच्या कागदावर काढली. आठ चौकोन आडवे, सोळा उभे. भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य. आडव्या आठ चौकोनांचा एक बाइट, सोळा ओळींचे सोळा बाइट, एक अक्षर तयार. शिरोरेघेची ओळ म्हणजे एफएफ, आठही ठिपके पेटलेले. कार्डात अक्षरांना 256 जागा. खालच्या निम्म्या इंग्रजीला हव्यात, वरच्यांतल्या काही फॉक्सबेसच्या चौकटींना. उरलेल्या शंभरेक जागांत अख्खी बाराखडी, मात्रा, अर्धी अक्षरं आणि रफार बसवायचे. ‘लक्ष्मीप्रसाद’साठी त्याने ‘क्ष’चा अर्धा तुकडा वेगळा केला. ‘दर्या’तला रफार आणि ‘होऱ्या’तला अर्धा र, दोन्हींना त्याने जागा दिली, आणि त्यासाठी ‘ङ’ आणि ‘ञ’ला बेघर केलं. कोळीवाड्यात कुणाच्याही होडीच्या नावात ‘ङ’ नाही, हे त्याने यादीवर बोट फिरवून तपासलं होतं.

नवव्या ठिपक्याला कार्डात एक चोरवाट होती. सी-शून्य ते डी-एफ या बत्तीस जागांवरच्या अक्षरांना कार्ड आठवा ठिपका नवव्या जागी परत उमटवायचं. चौकटीच्या आडव्या रेघा तुटू नयेत म्हणून ही तरतूद होती. काकाने आधी शिरोरेघेची अक्षरं तिथे घातली. पण बत्तीसच घरं आणि भाडेकरू शंभर. शिवाय चौकटी विस्कटल्या. मग त्याने सरळ कार्डालाच सांगितलं, की अक्षर आठ ठिपक्यांचं धर. त्यासाठी सिक्वेन्सर थांबवायचा, 3सी4 या पोर्टवर एक बिट बदलायचा, ओळ 720 ऐवजी 640 ठिपक्यांची झाली म्हणून घड्याळाची गतीही उतरवायची, 28 मेगाहर्ट्झवरून 25 वर. हे चालू असताना मध्ये दुसरं कोणी काही मागितलं तर पडदा लोळण घेणार, म्हणून तेवढा वेळ इंटरप्ट बंद. मोजक्या सूचना. ज्या रात्री ‘एकवीरा प्रसाद’ सलग रेघेखाली उभं राहिलं, त्या रात्री त्याने काकूला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, दिवा बंद कर.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या पिशवीत दोन पुस्तकं असायची. एक रमेश गावकरांचं 8085 वरचं, दुसरं नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. मुंबईतल्या कोणत्याही कॉलेजात त्या काळी हीच जोडी असे आणि बहुतेकांचा कल लवकरच ठरून जाई. माझा कानेटकरांकडे होता. टर्बो सीमध्ये फंक्शनच्या आधी ‘इंटरप्ट’ शब्द लिहिला की रजिस्टरं जपून ठेवायचं आणि परत करायचं काम कंपायलर करी. ‘सेटव्हेक्ट’ने तक्त्यात पत्ता, ‘कीप’ने मेमरीत मुक्काम. दिवाळीच्या सुट्टीत मी काकाचाच प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला. त्याची अक्षरं जशीच्या तशी उचलली, बाकी सगळं माझं. पहिल्याच संध्याकाळी चालला. काकाचा अख्खा पावसाळा गेला होता.

त्याने माझा कागद वाचला, मान हलवली आणि फक्त साइझ विचारली. त्याचा प्रोग्रॅम अक्षरांसकट सव्वादोन हजार बाइटच्या आसपास. माझा त्याच्या दसपट. सोसायटीच्या मशीनवर वार्षिक रिपोर्ट काढताना फॉक्सबेसने मेमरी अपुरी असल्याचं जाहीर केलं आणि माझी आवृत्ती त्याच दुपारी निघाली. 640 किलोबाइटमध्ये सगळ्यांनी राहायचं होतं. मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. काका जागेच्या बाबतीत चाळीतल्या बाईसारखा हिशेबी होता. प्रोग्रॅम बसवणारा भाग त्याने फाइलच्या शेवटी ठेवला होता, म्हणजे बसवून झालं की तेवढी शेपटी डॉसला परत. डॉस प्रत्येक प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंटची एक प्रत देतं, तीसुद्धा तो परत करायचा.

“तू लिहिलंस ते बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण मशीनशी बोललीस कुठे? बोलला तो कंपायलर.”

मी चिडून त्याला युनिक्सचं उदाहरण दिलं. 1969 मध्ये पीडीपी-7 वर असेम्ब्लीत जन्मलेलं युनिक्स 1973 मध्ये सीमध्ये पुन्हा लिहिलं गेलं. त्याआधीच्या वर्षी केन थॉम्प्सनने तसा प्रयत्न करून सोडून दिला होता, कारण सीमध्ये तेव्हा स्ट्रक्चर नव्हतं. ते आलं आणि काम झालं. नवी सिस्टिम जुनीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठी झाली, हे थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण त्या वाढीव वजनाच्या बदल्यात युनिक्स पुढे वेगळ्या जातीच्या यंत्रांवर उचलून नेता आलं. असेम्ब्लीत लिहिलेलं त्या यंत्राबरोबरच संपतं.

“एकतृतीयांश,” काका म्हणाला. “दसपट नाही.”

काकाच्या एका मित्राने या वादात मला अनपेक्षित हात दिला. तो सीप्झमध्ये टाटा बरोजमध्ये होता. सीप्झ 1973 चं, टाटा बरोज 1977 ची. तो सांगायचा, आमच्या बरोजच्या मोठ्या मशीनला असेम्बलरच नाही. काकाला आधी ती थट्टा वाटली. पण खरंच, बरोजने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बी5000 मशीन काढलं तेच अल्गोल भाषा डोळ्यांपुढे ठेवून. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, एमसीपी, अल्गोलच्याच एका बोलीत लिहिलेली, युनिक्स सीमध्ये यायच्या दहाएक वर्षं आधी. म्हणजे ज्या वादावर आम्ही काका-पुतणी सात बंगल्याला घसा फोडत होतो, तो चार-पाच मैलांवरच्या एका कंपनीच्या मशीनने कधीच निकालात काढला होता. मित्र गेल्यावर काका बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अशा मशीनवर मला बिछाना टाकूनही झोप लागायची नाही.”

निकाल तसा आमच्या बाजूनेच लागला. आज कर्नल सीमध्ये लिहितात, अलीकडे रस्टमध्येही. असेम्ब्ली उरली आहे ती उंबऱ्यावर. मशीन जागं होतं तेव्हा स्टॅक नसतो, आणि स्टॅक नसताना सीचं साधं फंक्शनही बोलावता येत नाही. तो आधी कुणीतरी मांडून द्यावा लागतो. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाताना स्टॅक पॉइंटर बदलावा लागतो, आणि सी भाषेत त्याला नावच नाही. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी बोलणार कसं? म्हणून लिनक्सच्या पोटात आजही अशा जागी असेम्ब्लीची पानं आहेत, थोडी आणि अटळ. हे मी काकाला सांगितलं तेव्हा त्याचे केस पिकले होते. तो म्हणाला, चला, दाराशी तरी ठेवलंत.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये सीचा कर्ता रिची गेला. वर्तमानपत्रं त्या आठवड्यात स्टीव्ह जॉब्जने भरली होती. काकाने मला मुद्दाम फोन केला. “तुमचा माणूस गेला गं,” म्हणाला. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. नंतर तो म्हणाला, रिचीच्या पुस्तकातली सी फार नेटकी आहे, मी वाचली होती, तुला सांगितलं नाही.

2013 च्या पावसाळ्यात काका गेला. आजारपण फार नव्हतं, आठवडाभराचं. वर्सोव्याची मेट्रो पुढच्या जूनमध्ये सुरू झाली. तिच्या खांबांच्या कामापायी त्याने जयप्रकाश रोडवर काही वर्षं बसमध्ये काढली होती आणि गाडीत बसणं त्याच्या वाट्याला आलं नाही. पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. 2014 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने मायक्रोसॉफ्टच्या परवानगीने एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला. सगळा असेम्ब्लीत, लिहिणाऱ्यांच्या शेऱ्यांसकट. काकाने वर्षानुवर्षं डीबग घेऊन डॉसची भिंत बाहेरून ठोकून पाहिली होती, कुठे पोकळ आहे, कुठे भरीव. दार उघडलं ते तो गेल्यानंतर काही महिन्यांनी. त्या रात्री मी ते वाचत बसले आणि दर दोन पानांना ‘काका, हे बघ’ असं मनात येत होतं.

मग मला त्याचा कोड हवासा झाला. काकूकडे गेले. फ्लॉप्या माळ्यावर होत्या, साखरेच्या डब्यात, पण वर्सोव्याची हवा ती. समुद्र इतका जवळ की दाराच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलायच्या. तबकड्यांवर बुरशीची पांढरी नक्षी चढली होती. बाजूला भोकं असलेल्या लांबलचक कागदाची छापील प्रत होती, ती माळा गळला त्या वर्षी लगदा होऊन गेली. कोळीवाड्यातल्या सोसायटीने मात्र नवं मशीन घेताना जुन्या डिस्कची अख्खी सीडी करून ठेवली होती आणि सेक्रेटरींनी ती आनंदाने दिली. तिच्यात सोर्स नव्हता. असायचं कारणच नव्हतं. चालणारी .कॉम फाइल तेवढी होती.

मी ती उलगडायला बसले आणि इतकी वर्षं शिकवत असूनही कधी नीट न जाणवलेली गोष्ट समोर आली. सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमची बायनरी उलगडली तर हाती येतो कंपायलर. लिहिणाऱ्याचे विचार तिथे असतात, पण दुसऱ्याच्या वळणात. काकाच्या फाइलमध्ये मध्ये कोणी नव्हतं. एक सूचना त्याने लिहिली, एक सूचना तिथे होती, त्याच क्रमाने. रजिस्टरात शून्य घालायचा असेल तर बहुतेक लोक रजिस्टराचा स्वतःशीच एक्सऑर करतात. टर्बो सीसुद्धा तेच करायचं. काका स्वतःतून स्वतःला वजा करायचा. बाइट तेवढेच, काम तेच, पण शाळेतलं गणित त्याला बरं वाटायचं. पानभर उलगडलेल्या कोडात ‘सब एएक्स, एएक्स’ दिसलं आणि मी खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले.

नाहीशी झाली होती ती नावं. असेम्बलर सूचनांना हात लावत नाही, पण लेबलं आणि शेरे टाकून देतो. मूळ इंटरप्टकडे परत जाणाऱ्या उडीला काकाने ‘घरी_जा’ असं लेबल दिलं होतं, रोमन अक्षरांत. आता तिथे एक पत्ता होता, नुसता आकडा. शेऱ्यांतला एक मला पाठ आहे, कारण त्यावरून मी त्याला छळायचे: ‘हे का चालतं ते उद्या बघू.’ तो कुठल्या ओळीपुढे होता ते मला सापडलं नाही. एका ठिकाणी काही बाइट असे आहेत की तिथे कोडातली कोणतीच वाट पोचत नाही. एखादा सोडून दिलेला विचार असेल, किंवा कुठून तरी उडी येते आणि मलाच दिसत नाही. शेरा असता तर कळलं असतं. सीमध्ये उलटं घडलं असतं. हात गेला असता, पण सोर्स कुठेतरी अजून कुणीतरी कंपाइल करत बसला असता.

मी सगळ्याला माझी नावं देऊन नॅझम या असेम्बलरने पुन्हा जुळवलं. फाइलची लांबी तीच आली, पण काही बाइट वेगळे. बीएक्समधलं एएक्समध्ये हलवायची सूचना दोन तऱ्हांनी लिहिता येते, 8बी सी3 किंवा 89 डी8. काकाच्या काळातला असेम्बलर पहिली निवडायचा, नॅझम दुसरी. ए86 नावाच्या एका असेम्बलरच्या कर्त्याने तर अशा पर्यायांची निवड हीच आपल्या असेम्बलरची सही म्हणून वापरली होती, फुकट वापरणारे पकडायला. म्हणजे असेम्ब्लीतही मध्ये कोणीच नसतं असं नाही. काका हयात असता तर हा मुद्दा मी त्याच्यावर टाकला असता आणि तो तीन दिवस बोलला नसता.

सीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण त्या दिवाळीतली माझी आवृत्तीही आज कुठे चालते? 3सी4 पोर्टवर बिट बदलणारी ओळ कोणत्याही भाषेत लिहा, ते कार्ड गेलं की ती ओळ गेली. विंडोजच्या 64 बिटांच्या आवृत्तीवर दोन्ही आवृत्त्या सारख्याच मेलेल्या. डॉसबॉक्समध्ये दोन्ही उठून बसतात. या सगळ्यातून जे खरोखर तगलं त्याला भाषाच नव्हती. सोळाशेएक बाइटची अक्षरं. ती मी फाइलच्या मधल्या भागातून कापून काढली, ठिपक्यांचा फाँट केला आणि काकूच्या फोनवर पाठवला, चित्र म्हणून, ‘लक्ष्मीप्रसाद’, ‘दर्यादौलत’, ‘होळी’ अशी नावं लिहून.

तिचा लगेच फोन आला. होड्यांबद्दल तिने काही विचारलं नाही.

“हा ‘ळ’ त्याचाच,” म्हणाली. “असाच डावीकडे कलंडलेला काढायचा, सहीतसुद्धा. या ‘ळ’पायी दोनदा चेक परत आलेत बँकेतून. मी मेली रांगेत उभी राहायचे.”

मग तिने बँकेतल्या त्या रांगेची हकीकत पहिल्यापासून सुरू केली.